पुनःशस्त्रक्रियेचा निर्णय : तीन ग्रंथांची चिकित्सा

सौंदर्यशस्त्रक्रियेसंबंधी पाश्चात्त्य विद्यापीठांतून गेल्या तीन-साडेतीन दशकांत जे लेखन झाले, त्यातील बहुतेक वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. निरोगी शरीरावर शस्त्र चालवून घेण्यास स्त्री सिद्ध होते ती का? ती पुरुषी दृष्टीला बळी पडलेली असते, की आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती घेत असते? प्रश्न महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या मागोमाग दुसरा एक प्रश्न येतो, आणि तो मात्र सदैव पहिल्याच्या सावलीत उभा राहिला आहे. शस्त्रक्रिया एकदा झाली. फल मनाजोगे आले नाही, किंवा आले पण दहा वर्षांनी बिघडले. आता पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही? आणि ती झाल्यावर तिसरी? अभ्यासकांनी हा प्रश्न पहिल्याचेच पुच्छ मानला. पहिल्या वेळी जी स्त्री ‘बळी’ ती दुसऱ्या वेळी अधिकच बळी. पहिल्या वेळी जी ‘कर्ती’ ती दुसऱ्याही वेळी कर्तीच. दुसरा प्रश्न हा जातीनेच निराळा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि ते येथे मांडावयाचे आहे. त्यासाठी स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया हे उदाहरण आणि त्या विषयाच्या अभ्यासात वारंवार आधाराला घेतले जाणारे तीन ग्रंथ निवडले आहेत : कॅथी डेव्हिस यांचा ‘रीशेपिंग द फीमेल बॉडी’ (१९९५), व्हर्जिनिया ब्लम यांचा ‘फ्लेश वून्ड्स’ (२००३) आणि व्हिक्टोरिया पिट्स-टेलर यांचा ‘सर्जरी जंकीज’ (२००७).

ग्रंथांकडे वळण्यापूर्वी वस्तुस्थितीचा थोडा परिचय अवश्य आहे, कारण पुढील आक्षेपांचा सारा भार तिच्यावरच आहे. सिलिकॉनच्या द्रवाने भरलेली पिशवी स्तनात बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या दोन शल्यविशारदांनी केली. त्या पहिल्या स्त्रीची हकीकत बोधप्रद आहे. ती रुग्णालयात आली होती छातीवरचे गोंदण काढून घेण्यासाठी. स्तन मोठे करून घेण्याची कल्पना तिची नव्हतीच. ती वैद्यांनी सुचविली. तिला खरी इच्छा होती पुढे आलेले कान मागे बसवून घेण्याची. अखेर दोन्ही गोष्टी करावयाच्या असे ठरले. ज्या शस्त्रक्रियेच्या ‘निर्णया’वर पुढे शेकडो पृष्ठे लिहिली गेली, तिचा आरंभ असा झाला.

शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती तंतूंचे एक कवच विणते. सिलिकॉनच्या पिशवीभोवतीही ते तयार होते, आणि यात अस्वाभाविक काही नाही. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र हे कवच आवळू लागते. स्तन कठीण होतो, त्याचा आकार बिघडतो, पुढे पुढे वेदना होतात. शल्यविशारद या आकुंचनाच्या चार श्रेणी मानतात आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया सुचवितात. याखेरीज पिशवी फुटू शकते, आणि सिलिकॉनची पिशवी फुटल्याचे पुष्कळदा बाहेरून कळतही नाही. ती जागची सरकू शकते, तिच्या वळ्या त्वचेखालून दिसू शकतात. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने १९९२ साली अशा पिशव्यांच्या वापरावर कडक निर्बंध घातले आणि २००६ च्या नोव्हेंबरात ते काही अटींवर उठविले. मधल्या काळात, १९९९ साली, तेथील वैद्यकसंस्थेच्या समितीने प्रदीर्घ अहवाल दिला. सर्वांगाचे रोग या पिशव्यांमुळे होतात याला पुरावा नाही, परंतु स्थानिक उपद्रव आणि त्यांपायी कराव्या लागणाऱ्या पुनःशस्त्रक्रिया हीच खरी चिंतेची बाब आहे, असा त्याचा आशय. २०११ साली प्रशासनाने असे सांगितले की, केवळ स्तनवर्धनासाठी पिशव्या बसविलेल्या स्त्रियांपैकी पाचांतील एकीपर्यंत प्रमाणात दहा वर्षांच्या आत त्या काढाव्या लागतात. एका उत्पादकाच्या दहा वर्षांच्या पाहणीत प्रथमच शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ३६ जणींवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. ज्या स्त्रियांची नोंदच मुळी पुनःशस्त्रक्रियेपासून झाली होती त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ४६ होते. यात पिशवीचा आकार बदलून घेण्यासारखी कारणेही धरलेली आहेत, हे खरे. तथापि दुसरी संख्या पहिलीहून मोठी आहे, हे विसरता येणार नाही. दुरुस्तीने दुरुस्तीची शक्यता कमी होत नाही, वाढते.

आता डेव्हिसबाईंचा ग्रंथ. तिन्हींत तो सर्वांत प्रामाणिक आणि म्हणूनच सर्वांत वादग्रस्त ठरला. नेदरलँड्समध्ये त्या काळी सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च विशिष्ट अटींवर सार्वजनिक आरोग्यविम्यातून मिळत असे. शरीराच्या कार्यात बिघाड हवा, अथवा तीव्र मानसिक क्लेश हवा, अथवा रूपातील वैगुण्य सर्वसामान्य वैविध्याच्या पलीकडचे हवे. या अटी पाहण्यासाठी एक वैद्यकीय निरीक्षक असे. अर्जदार त्याच्यापुढे येत असताना डेव्हिसबाई तेथे बसून पाहत असत. त्यांनी नोंदविलेली एक गोष्ट या ग्रंथाच्या वाचकाला विसरता येत नाही : समोर आलेली व्यक्ती शरीराचा कोणता भाग बदलून घेण्यासाठी आली आहे, हे त्यांना ओळखता येत नसे. अपवाद एकच, फुलकोबीसारखे नाक असलेल्या एका पुरुषाचा. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, या शस्त्रक्रियेचा संबंध सौंदर्याशी नाही; आपण इतरांसारखे, साधे, चारचौघांतले असावे या इच्छेशी आहे. स्त्रीला संस्कृतीच्या हातची बाहुली मानणे त्यांना मान्य नाही. स्त्री विचार करते, तोलून पाहते, वर्षानुवर्षे वाट पाहते आणि मग ठरविते. तिला शस्त्रक्रिया हा प्रश्नही असतो आणि उत्तरही असते, या दुहेरीपणालाच त्या पेच म्हणतात.

या भूमिकेवर सुसान बोर्डो यांनी घेतलेला आक्षेप सर्वश्रुत आहे. व्यक्तीच्या कर्तृत्वाचे इतके कौतुक करताना ज्या संस्कृतीत ती निवड घडते तिचे दडपण डेव्हिसबाई हलके लेखतात, असे त्यांचे म्हणणे. कॅथरिन पॉली मॉर्गन यांनी त्याआधीच, १९९१ साली, असे सुचविले होते की जेथे शस्त्रक्रिया न करणे हेच हळूहळू अपसामान्य ठरू लागते, तेथे निवडीचा शब्द पोकळ होतो. हा वाद आता जुना झाला. तो पुन्हा उकरून काढण्यात स्वारस्य नाही. माझा आक्षेप निराळा आहे, आणि तो ग्रंथाच्या त्या भागाशी निगडित आहे, जेथे डेव्हिसबाई शस्त्रक्रियेनंतरच्या कथनांकडे वळतात.

तेथे त्यांना असे आढळते की, ज्या स्त्रियांना उपद्रव झाला, ज्यांना पुन्हा पुन्हा शस्त्रगृहात जावे लागले, त्यांच्यापैकी पुष्कळजणी आपला निर्णय चुकला असे म्हणत नाहीत. फल वाईट आले, पण निर्णय योग्य होता, असा भेद त्या करतात. लेखिका या भेदाचा आदर करते. निर्णय हा आयुष्य हाती घेण्याचा क्षण होता, आणि तो क्षण फलाने रद्द होत नाही, असे तिला दिसते. हे निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु त्याचा अर्थ लावताना लेखिकेने एक शक्यता पुरेशी तपासली नाही, असे मला वाटते. परत न फिरविता येणारे कृत्य ज्याच्या हातून घडले आहे, त्याला त्या कृत्यासह जगावयाचे असते. ‘मी पुन्हा तसेच केले असते’ हे वाक्य पूर्वीच्या निर्णयाची साक्ष असेलच असे नाही; पुढील दिवस ढकलण्यासाठी उभारलेला तो टेकूही असू शकतो. साहित्याच्या अभ्यासकाला आत्मचरित्रांतून ही गोष्ट परिचित आहे. निवेदक जेव्हा आपल्या गतायुष्याला सुसंगती देतो, तेव्हा ती सुसंगती गतायुष्यात होती की निवेदनाच्या गरजेतून आली, हे विचारावेच लागते. डेव्हिसबाईंनी कथनाची सुसंगती आणि कर्तृत्व यांना जवळजवळ एकच मानले आहे. जिची कहाणी जुळते ती कर्ती. मग जिची कहाणी जुळत नाही, दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधी जी नुसती घाबरून, थकून, गोंधळून बसली आहे, तिचे काय?

दुसरेही एक अंग आहे. ही कथने अशा देशात तयार झाली, जेथे शस्त्रक्रिया मिळण्यासाठी क्लेश सिद्ध करावा लागत होता. निरीक्षकापुढे जी कहाणी एकदा सांगून झाली, तीच पुढे संशोधिकेपुढे आली. दुःखाची ती भाषा खोटी होती असे मी म्हणत नाही. परंतु एखाद्या कचेरीच्या उंबरठ्यावर घडलेली भाषा त्या कचेरीचा आकार घेऊनच बाहेर पडते. लेखिकेला त्या कचेरीची प्रत्यक्ष माहिती असूनही तिने हा धागा अखेरपर्यंत ओढला नाही, याचे नवल वाटते.

येथे ‘निर्णय’ या शब्दाकडेच थोडे पाहू. आपल्या न्यायशास्त्रात निर्णय हा सोळा पदार्थांपैकी एक आहे, आणि त्याची कल्पना अशी की संशय उत्पन्न झाल्यावर पक्ष आणि प्रतिपक्ष या दोहोंचा विमर्श करून जे अर्थाचे अवधारण होते तो निर्णय. दोहोंपैकी एक बाजू विचारात नसेल तर जे होईल त्याला दुसरे काहीही नाव द्यावे, निर्णय म्हणू नये. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिपक्ष कसाही असो, तो उभा असतो : आहे ते शरीर. ते शरीर त्या स्त्रीला परिचित आहे. त्यात ती वीस-तीस वर्षे राहिली आहे. दुसऱ्या वेळी प्रतिपक्षाची जागा कोण घेतो? ‘आहे तसेच राहू द्यावे’ म्हटले, तर आहे ते कठीण झालेले, दुखणारे, एका बाजूला सरकलेले. ‘काढून टाकावे’ म्हटले, तर पूर्वीचे शरीर परत मिळत नाही. ताणलेली त्वचा, पातळ झालेली ऊती, व्रणाच्या रेषा उरतात. आणि पक्ष म्हणून जे समोर असते ते तरी काय? पहिल्या वेळी आश्वासन दिलेले पण न लाभलेले रूप. म्हणजे तुलना खऱ्या दोन अवस्थांची नसते. एका बिघडलेल्या अवस्थेची एका काल्पनिक अवस्थेशी असते. अशा तुलनेत काल्पनिक अवस्था जिंकणार हे ठरलेलेच.

ग्रंथसंपादनाच्या शास्त्राशी परिचित असलेल्या वाचकांना यातला भेद चटकन कळेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनी जे पाठ नाकारले ते पृष्ठाच्या तळाशी जपून ठेवले. उद्या कोणाला संपादकाचा निवाडा पटला नाही, तर तो तळटीपेतून जुना पाठ उचलू शकतो. शरीराच्या संशोधनात तळटीप नसते. चिकित्सा हा शब्द आपण रोग्याविषयीही वापरतो आणि ग्रंथाविषयीही, म्हणून हा फरक विशेषच ध्यानात ठेवावा लागतो.

पुनःशस्त्रक्रियेचे आणखी एक वैशिष्ट्य तिन्ही ग्रंथांतून निसटले आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्ये पुण्याजवळ घडलेल्या एका शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या एका गाडीवानाला विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून नवे नाक करून दिले होते. युरोपातील शल्यविशारदांनी हे तंत्र तेथून उचलले, ही गोष्ट प्लॅस्टिक सर्जरीच्या सर्व इतिहासांत येते. त्या शस्त्रक्रियेची सीमा तिच्या कारणातच होती. नाक नव्हते, ते आले, काम संपले. सौंदर्यवर्धनाला अशी सीमा नसते, असे टीकाकार म्हणतात, आणि ते खरेच आहे. परंतु पुनःशस्त्रक्रिया या दोहोंच्या मध्ये बसते. आवळलेले कवच सोडविणे, फुटलेली पिशवी काढणे ही निःसंशय दुरुस्ती आहे, क्षतीची भरपाई आहे. फक्त ती क्षती युद्धात झालेली नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनेच केली आहे. पहिल्या वेळी जी स्त्री हौसेने आलेली गिऱ्हाईक मानली गेली, ती दुसऱ्या वेळी रुग्ण होऊन येते. इच्छेचे गरजेत रूपांतर झालेले असते, आणि गरजेला सहसा कोणी ‘का’ विचारीत नाही. हे रूपांतर डेव्हिसबाईंच्या विवेचनाला आवश्यक होते. बोर्डोंच्या टीकेलाही ते तितकेच आवश्यक होते. दोघींनीही ते बाजूला ठेवले.

ब्लम यांचा ग्रंथ निराळ्या धाटणीचा आहे. लेखिका स्वतः शस्त्रक्रियेच्या अनुभवातून गेलेली आहे. वयात येताना आईच्या आग्रहाने तिच्या नाकावर शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली, आणि पुढे ती सुधारून घ्यावी लागली. म्हणजे पुनःशस्त्रक्रियेचा निर्णय हा या ग्रंथाचा जन्मक्षणच म्हणावयास हरकत नाही. एवढी सामग्री हाती असताना लेखिका मात्र पाहता पाहता चित्रपट, तारका, पडद्यावरील चेहरा यांच्या मीमांसेत शिरते. तिचे प्रतिपादन असे की, पडद्यावरील प्रतिमेशी तादात्म्य पावण्याची सवय लागलेल्या संस्कृतीत शरीर ही सतत बदलावयाची वस्तू होते. एकदा शस्त्र लागले की पुढचे शस्त्र अटळ होते. मनोविश्लेषणाच्या अंगाने केलेले हे विवेचन वाचनीय आहे. काही पृष्ठे तर लख्ख आहेत. परंतु त्यात पुनरावृत्तीचे एकच कारण शिल्लक राहते, अतृप्ती. कवच आवळले म्हणून दुसऱ्यांदा शस्त्रगृहात गेलेली स्त्री आणि आपले रूप अजून पुरेसे झाले नाही म्हणून गेलेली स्त्री, दोघी या ग्रंथात एकाच ओळीत उभ्या राहतात. नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या १८४३ च्या ‘द बर्थमार्क’ या कथेतील शास्त्रज्ञ पत्नीच्या गालावरील जन्मखूण काढता काढता तिचा जीव घेतो. अतृप्तीची ती रूपककथा पूर्णत्वाच्या हव्यासाविषयी पुष्कळ सांगते. पिशवी फुटण्याविषयी ती काहीच सांगत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. ब्लम यांच्याकडून मात्र होती.

पिट्स-टेलर यांचा ग्रंथ या बाबतीत सर्वांत सावध आहे. वारंवार शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या व्यक्तीला व्यसनी किंवा मनोरुग्ण ठरविण्याची जी रीत पडली, तिचा उगम त्या शोधतात. स्वतःच्या रूपाविषयीच्या आजारी भयाला इटालियन वैद्य मोर्सेल्ली यांनी एकोणिसाव्या शतकात नाव दिले. १९८७ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्वतंत्र रोगाचे स्थान मिळाले. लेखिकेचा मुद्दा असा की, काही थोड्यांवर रोगाचा शिक्का मारल्याने उरलेल्या सर्वांची शस्त्रक्रिया आपोआप निरोगी ठरते. एक-दोनदा करणारी शहाणी, सातव्यांदा करणारी वेडी. रेषा कोठे ओढावयाची हे शल्यविशारद ठरविणार, आणि पुढे दावा लागला तर ती रेषा त्यांच्याच संरक्षणाला येणार. हा युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही त्यात एक जागा रिकामी आहे. पुनरावृत्तीचे निदान कोण करतो, हे लेखिका विचारते. पुनरावृत्ती कशामुळे होते, हे ती फारसे विचारीत नाही. ‘ही वस्तू आयुष्यभर टिकणारी नव्हे’ असे ज्या वस्तूविषयी अमेरिकेचे प्रशासनच सांगते, ती बाविसाव्या वर्षी बसवून घेणारी मुलगी एकच निर्णय घेत नसते. पस्तिशीतल्या आणि पन्नाशीतल्या दोन अनोळखी स्त्रियांच्या वतीनेही ती काही ठरवून टाकीत असते. त्या दोघी जेव्हा दारात येतील, तेव्हा त्यांची मोजणी व्यसनाच्या खात्यात होईल की दुरुस्तीच्या? मानवविद्यांच्या अभ्यासकांना वस्तूपेक्षा वासनेत अधिक रस असतो. सिलिकॉनला इच्छा नसते, पण आयुर्मर्यादा असते, आणि या विषयात निम्मी कथा तीच घडविते.

वस्तूची ही सत्ता किती असते याचा दाखला ‘सर्जरी जंकीज’ प्रसिद्ध झाल्यावर तीनच वर्षांत मिळाला. पीआयपी या फ्रेंच कंपनीने वैद्यकीय सिलिकॉनऐवजी औद्योगिक वापराचे स्वस्त सिलिकॉन पिशव्यांत भरले असल्याचे २०१० साली उघडकीस आले. तिचे संस्थापक झाँ-क्लोद मास यांना २०१३ साली चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. जगभरातील लक्षावधी स्त्रियांच्या शरीरात या पिशव्या होत्या. २०११ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या सरकारने देशातील सुमारे ३०,००० स्त्रियांना सल्ला दिला की, काही त्रास नसला तरी त्या काढून घ्याव्यात. ब्रिटनमध्ये ब्रूस किओ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञमंडळाने २०१२ साली सांगितले की, सरसकट काढण्याची आवश्यकता नाही. पिशवी तीच, कंपनी तीच. मध्ये फक्त एक खाडी. त्यातही पैशाची व्यवस्था पाहण्यासारखी होती. फ्रान्सने काढण्याचा खर्च सर्वांना दिला, नव्या पिशवीचा खर्च मात्र कर्करोगानंतर पुनर्रचना झालेल्यांनाच. इंग्लंडमध्ये खाजगी दवाखान्याने हात वर केले, तर राष्ट्रीय आरोग्यसेवा पिशवी काढून देई. नवी बसवून देत नसे. म्हणजे अशा स्त्रीपुढे प्रश्न होता तो ‘पुन्हा शस्त्रक्रिया करावी का’ एवढाच नव्हे. आता काढून रिकामे राहावे, की कर्ज काढून एकाच भुलीत दोन्ही करून घ्यावे, की फुटेपर्यंत थांबावे, असा होता. दडपणाच्या आणि कर्तृत्वाच्या भाषेत हा प्रश्न मांडताच येत नाही. तो विमा, कायदा आणि पदार्थविज्ञान यांच्या भाषेतला आहे.

आता जो लेखनप्रकार आमच्या क्षेत्रात कोणी वाचीत नाही, त्याकडे वळतो. डॅलसचे शल्यविशारद जॉन टेबेट्स यांनी २००४ साली आपल्या व्यवसायाच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय ‘कोठे थांबावे’ हा आहे. कोणत्या परिस्थितीत पिशव्या काढून टाकाव्यात आणि नव्या बसवू नयेत, याचे निकष पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच शल्यविशारद आणि स्त्री यांनी ठरवून लिहून ठेवावेत, असे ते सुचवितात. लेखनशैलीच्या दृष्टीने निबंध कोरडाच आहे. परंतु प्रतिपक्षाला जिवंत ठेवण्याची जी सोय डेव्हिसबाईंच्या सहृदय ग्रंथाला सुचली नाही, ती येथे सापडते. शरीर अद्याप शाबूत असताना, निराशेचे दडपण नसताना, शेवटाचा विचार करून ठेवणे हे पक्ष-प्रतिपक्षांचे खरे तोलन आहे. शस्त्रक्रियेनंतर काही महिने, पुष्कळदा वर्षभर, सूज उतरून व्रण स्थिरावेपर्यंत दुरुस्तीला हात घालू नये, हा शल्यविशारदांचा नेहमीचा सल्लाही याच जातीचा आहे. काळ मध्ये घालून तो प्रतिपक्षाला बोलण्यास अवसर देतो.

अर्थात या निबंधालाही चिकित्सेतून सूट नाही. निकष लिहितो कोण? शल्यविशारद. दुसऱ्या-तिसऱ्या शस्त्रक्रियेचे असमाधानी रुग्ण कोणाला नको असतात? त्यालाच. पिट्स-टेलर यांनी दाखविलेली स्वसंरक्षणाची रेषा येथेही ओढलेली दिसते, फक्त ती रोगाच्या नावाने न ओढता कराराच्या नावाने ओढली आहे. शिवाय बाविसाव्या वर्षी केलेला करार पस्तिसाव्या वर्षी कितपत बांधावा, ही अडचण उरतेच. मूल झाल्यावर, स्तनपानानंतर, घटस्फोटानंतर तीच स्त्री आपल्या शरीराकडे निराळ्या नजरेने पाहणार. तथापि हा आक्षेप घेण्यासाठी तरी तो निबंध वाचावा लागतो. आपल्याकडील संशोधक विद्यार्थी शरीरविषयक प्रबंधांना बोर्डो आणि डेव्हिस यांच्या अवतरणांनी आरंभ करतात, आणि शस्त्रगृहाच्या बाजूने काय लिहिले गेले ते मात्र पाहत नाहीत. हा दोष निव्वळ आळसाचा नाही. सहृदय भाषेत लिहिलेले तेवढे मानवी आणि तक्त्यांत लिहिलेले अमानवी, हा जो समज आपण बाळगून आहोत, त्याचा तो दोष आहे.

नकाराला भाषा मिळवून देण्याचे काम वाङ्मयातही झाले आहे, पण निराळ्या ठिकाणी. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा १९७८ साली कर्करोगामुळे एक स्तन काढला गेला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कॅन्सर जर्नल्स’मध्ये त्यांनी लिहिले आहे की, रुग्णालयात भेटीला आलेल्या स्वयंसेविकेने लोकरीचा कृत्रिम स्तन आणून दिला, आणि पुढे वैद्याकडे त्या तो न लावता गेल्या तेव्हा तुमच्या अशा येण्याने येथील मनोधैर्य खचते असे तेथील परिचारिकेने त्यांना सुनावले. एका स्तनानिशी उघडपणे वावरण्याचा त्यांचा निश्चय त्यागातून आलेला नाही, तसा रागातूनही आलेला नाही. आपल्यासारख्या इतरजणींना आपण ओळखू यावे, या इच्छेतून तो आला आहे. येथे ‘नको’ या शब्दाला स्वतःचा आशय आहे. तो ‘हवे’च्या अभावाचे नाव नाही. लॉर्ड यांची परिस्थिती रोगाची होती आणि त्यांनी पिशवी कधी बसवूनच घेतली नाही, म्हणून त्यांचे उदाहरण स्तनवर्धन केलेल्या स्त्रीला जसेच्या तसे लागू करणे चुकीचे होईल. परंतु तिन्ही ग्रंथांत पिशव्या काढून टाकून थांबलेल्या स्त्रीची एकही अशी प्रतिमा नाही, जिच्यात थांबणे म्हणजे पराभव नव्हे. ही उणीव लॉर्ड यांच्या शेजारी ठेवली की ठळक दिसते.

अलीकडे अशी प्रतिमा तयार होऊ लागली आहे. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार मंडळापुढे अनेक स्त्रियांनी साक्षी दिल्या. पिशव्यांमुळे आलेला थकवा, सांधेदुखी, स्मृतीचे विकार आणि त्या काढल्यावर वाटलेला आराम यांच्या कहाण्या त्यांनी सांगितल्या. त्याच वर्षीच्या जुलैत ॲलर्गन कंपनीने खडबडीत पृष्ठाच्या पिशव्या बाजारातून परत घेतल्या, कारण त्यांचा एका विरळा लसिकाकर्करोगाशी संबंध दिसून आला होता. त्या कर्करोगाचा पुरावा भक्कम आहे. थकव्याच्या तक्रारींचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते कथनाच्या घडणीकडे. या स्त्रियांना ‘मला आता या पिशव्या नकोत’ एवढे म्हणून भागत नव्हते. त्यांना आजार दाखवावा लागत होता. नेदरलँड्समध्ये पिशवी मिळविण्यासाठी क्लेश सिद्ध करावा लागे, येथे ती काढून टाकण्यासाठी. दोन्हीकडे स्त्रीची नुसती इच्छा अपुरी ठरते. डेव्हिसबाईंनी आपला अभ्यास आज पुन्हा केला असता, तर ही दुसरी कचेरी त्यांच्या नजरेतून सुटली नसती, असे त्यांच्या पहिल्या ग्रंथातील निरीक्षणशक्ती पाहून वाटते.

२०२१ च्या ऑक्टोबरात त्याच प्रशासनाने या पिशव्यांवर ठळक इशारा छापणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी स्त्रीला एक निर्णयपत्रक देणे बंधनकारक केले. पत्रकात धोके क्रमाने मांडलेले आहेत, ही वस्तू आयुष्यभराची नाही हेही सांगितलेले आहे, आणि ते वाचून समजल्याची खूण म्हणून प्रत्येक भागापुढे स्त्रीने आपली आद्याक्षरे लिहावयाची आहेत. संशोधकांना अभ्यासासाठी हा दस्तऐवज आता सहज उपलब्ध आहे. त्यात किती ठिकाणी ‘मला समजले’ असे म्हणवून घेतले आहे ते मोजावे. आपण कोठे थांबणार हे स्त्रीने स्वतःच्या शब्दांत लिहावे, यासाठी त्यात जागा नाही.